वरून सोडलं जी!

दरवर्षी जानेवारीत जगातले शहाणे दावोसच्या बर्फात जमतात आणि त्याच सुमारास जगापुढच्या धोक्यांची यादी छापून येते. 2025च्या यादीत तातडीचा पहिला धोका होता देशादेशांमधली लढाई. दोन वर्षांच्या पल्ल्यात खोटी माहिती आणि दहा वर्षांच्या पल्ल्यात बिथरलेलं हवामान. मी ही यादी भंडाऱ्यात टपरीवर मोठ्याने वाचून दाखवली. टपरीवाल्याने शांतपणे चहा गाळला आणि विचारलं, "यात भीमगडचं धरण नाही का जी?"

नाही. म्हणजे यादी करणाऱ्यांपैकी एकाचंही घर वैनगंगेच्या काठी नाही.

भंडारेकराला धोका समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे तो कारधाच्या पुलाजवळ मीटरमध्ये मोजतात. आधी इशारा पातळी, मग धोका पातळी. त्या आकड्यांकडे वर्षानुवर्षं डोळे लावून या जिल्ह्याने धोक्याची स्वतःची व्याख्या केली आहे. ती तीन शब्दांची आहे: वरून सोडलं जी!

ऑगस्ट 2020 आठवा. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, सिवनी जिल्ह्यात भीमगडला असलेल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि 29-30 तारखेला भंडारा शहरात पाणी शिरलं. कोरोनाचे दिवस होते. जिल्हा ओलांडायला माणसाला ई-पास लागायचा. पाणी राज्याची हद्द ओलांडून विनापास आलं. त्या वर्षी गणपती घरीच विसर्जित करा, नदीवर गर्दी नको, असा आदेश होता. लोकांनी तो पाळला. मग अनंत चतुर्दशीच्या आधीच नदी स्वतः घरी आली. दोन राज्यांत समन्वय राहून गेला, असं नंतर सांगण्यात आलं. समन्वय हा सरकारी घरातला असा पाहुणा आहे, की तो यायचा राहिला हे पूर ओसरल्यावरच लक्षात येतं.

पाणी मध्य प्रदेशाचं, तर मैला नागपूरचा. नागपूरची संत्री आम्ही पैसे मोजून घेतो. सांडपाणी मात्र उपराजधानी फुकट पाठवते, तेही घरपोच. नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात. आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आहे, म्हणून लोक श्रद्धेने हात जोडतात. नागपूरच्या न्हाणीघरांतून येणारी सहावी पोथीत नाही, पण येते नेमाने. नाग नदी शुद्ध करायला दोन हजार कोटींच्या घरातला प्रकल्प मंजूर झाला आहे. आम्हाला घाई नाही. गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी झालं, तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता. पुढे तो 18 हजार कोटींवर गेला. या धरणात पाण्याच्या आधी आकडे तुडुंब भरले.

आता दिल्ली काय सोडते, ते पाहू. दिल्ली सोडत नाही, अडवते. 20 जुलै 2023ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे 40 टक्के वाटा भारताचा. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनी थैल्यांसाठी दुकानांत झुंबड उडवली आणि जगाची अन्नसुरक्षा धोक्यात आल्याच्या बातम्या झळकल्या. तेव्हा आमच्याकडे रोवणीचे दिवस. ती अन्नसुरक्षा ज्यांच्या हातात परह्यांच्या पेंढ्या होऊन होती, ते बांधीत कमरेत वाकलेले असल्यामुळे त्यांना बातमी दिसली नाही. 28 सप्टेंबर 2024ला ते दार परत उघडलं. मधल्या काळात शेतकऱ्याला जागतिक बाजाराची चिंता नव्हती. त्याच्या चिंता धान खरेदी केंद्रावरच्या, नेहमीच्याच: आज बारदाना नाही, उद्या गोदाम फुल्ल, परवा सर्व्हर डाऊन आणि चुकारे कधी, ते देवाला ठाऊक.

तंत्रज्ञानाचा धोकाही आम्ही दावोसच्या आधी पाहिला आहे. 28 मे 2018ला भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि मतदान यंत्रं बंद पडू लागली. यंत्रांना ऊन लागलं, असं कारण पुढे आलं. 30 मे रोजी 49 केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. नवतपा सुरू असताना मतदार दुपट्टा बांधून, खिशात कांदा घेऊन रांगेत उभा राहिला; यंत्राला मात्र कोणी कांदा दिला नाही.

टपरीवर इथवर हसू होतं. मग कोणीतरी जवाहरनगरचं नाव काढलं.

24 जानेवारी 2025. दावोसच्या बैठकीचा शेवटचा दिवस. यादीत लढाई पहिल्या क्रमांकावर होती आणि लढाईचा दारूगोळा बनवणाऱ्या आमच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत सकाळी स्फोट झाला. कामगार गेले. त्याआधी 8-9 जानेवारी 2021ची रात्र. जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. अशी आग कोणत्याही जागतिक यादीत नसते. राज्यभर रुग्णालयांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, 6 नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले.

पाणी वरून खाली येतं, मैला येतो, आदेश येतो. खालून वर काहीच चढत नाही, दहा बाळांचा धडासुद्धा.

बराच वेळ गप्प बसलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "आपल्या कोहळ्यांनी तलाव बांधले, ते काय येडे होते का?" या जिल्ह्याचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने बांधले. पाळ घातली, पाट काढले, पाणी सोडायला तुडुम ठेवलं. गुरुजींचा मुद्दा एवढाच होता, की तुडुम उघडणारा गावातलाच असे आणि गावाच्या बांध्या त्याच पाळीखाली असत. जास्त सोडलं तर शेजारी सकाळी दारात उभा. त्याला समन्वय समिती लागली नाही. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, चाव्या वर गेल्या. मामा गेले, भाचे गाळात राहिले.

म्हणून दावोसच्या यादीत माझी एक दुरुस्ती आहे. लढाई, हवामान, अफवा हे धोके नव्हेत, ते नुसते पाऊस. धोका तेव्हा होतो, जेव्हा दार उघडणाऱ्याचं घर पाळीखाली नसतं.

हे मी लिहून घेत होतो, तेवढ्यात टपरीवरचे सगळे मोबाईल एकदम किणकिणले. विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. टपरीवाल्याने संदेश वाचला, बाकडं उचलून भिंतीला लावलं आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

"आमी त सतर्कच आहो जी," तो म्हणाला. "असाच एक मेसेज वरच्या लोकायलेही धाडत जा मना, का खाली मानसं राहतेत."