भुरका

बोटांत धागा धरला की त्याचं डेनिअर सांगणारी माणसं सुरतेच्या मार्केटात अजून सापडतात. मी काही त्यातला नव्हे, पण तीस वर्षं यार्नची दलाली केल्यावर बोटांना थोडीफार अक्कल येतेच. म्हणून परवा मुलीने कोरियन नूडल्सची दोन पाकिटं ओट्यावर ठेवली, तेव्हा मी ती फोडून आधी चाचपून पाहिली. एकात कुरळी वडी होती, आमच्या भाषेत क्रिम्प. दुसऱ्यात रताळ्याच्या स्टार्चच्या करड्या, काचेसारख्या लांब काड्या. त्या तर सरळसरळ मोनोफिलामेंट.

"पप्पा, ते खायचंय, विणायचं नाहीये," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात आई आली. "हाई काय शे?"

आई अमळनेरची. लग्नानंतर ताप्ती लाईनच्या गाडीत बसून उधन्याला उतरली, त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण तिची अहिराणी काही उतरली नाही. उतरायची गरजही पडली नाही म्हणा. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात अर्धा खानदेश येऊन राहिलाय. भाजीच्या लारीवर भावसुद्धा अहिराणीत करता येतो. आई माळकरी. तिने चष्मा लावून पाकिटावरचा हिरवा ठिपका शोधला आणि सापडल्यावरच पातेल्याला हात लावू दिला.

पाकिटावर लिहिलं होतं, पाणी साडेपाचशे मिली, वेळ साडेचार मिनिटं. आमच्याकडे पाण्याचं माप तांब्या आणि वेळेचं माप 'झालं की कळतं'. मुलगी मोबाइलवर टायमर लावून उभी राहिली. ती जरा पाठमोरी झाली, तेवढ्यात आईने त्यात मूठभर शेंगदाण्याचा कूट टाकला. रस्सा आहे म्हटल्यावर कूट पडायचाच. मुलीने डोक्याला हात लावला. मला विचाराल तर चव सुधारली होती, पण बापाने अशा वेळी मत देऊ नये.

तिखटाचं म्हणाल तर पाकिटावर आग ओकणारं कोंबडं वगैरे काढलेलं असतं. 2024च्या जूनमध्ये डेन्मार्क सरकारने अशाच कोरियन नूडल्सचे तीन प्रकार अति तिखट म्हणून दुकानांतून काढायला लावले होते. जुलैत त्यातल्या दोघांना माफी मिळाली. ही बातमी मी आईला वाचून दाखवली होती. तिने डेन्मार्क कुठे आहे ते विचारलं नाही. "त्यास्ले नंदुरबारले धाड," एवढंच म्हणाली. हंगामात नंदुरबारजवळच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडते, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या बसमधली माणसंसुद्धा शिंकतात. त्या खानदेशात लहानपण गेलेल्या माणसाला कोंबड्याची कसली भीती?

खरी गंमत दुसऱ्या पाकिटाच्या वेळी झाली. त्या काचेच्या शेवयांचं जापचे करायचं होतं. भाज्या परतून, तिळाचं तेल आणि सोया सॉस घालून करतात. एके काळी हा राजवाड्यातला पदार्थ होता आणि तेव्हा त्यात नूडल्स नव्हत्याच म्हणे, नुसत्या भाज्या. तीळ आमच्या घरात संक्रांतीपुरते, त्यामुळे त्या तेलाच्या वासाने आईला भर उन्हाळ्यात तिळगूळ आठवला. सोबत मुलीने गोचुजांगची डबी उघडली. मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ यांची लाल पेस्ट. कोरियात जुन्या घरांतून ती मातीच्या मोठ्या बरण्यांत घालून महिनोन् महिने उन्हात ठेवायचे, हे ऐकल्यावर आईचं त्या देशाविषयी पहिल्यांदाच बरं मत झालं. गच्चीवर बरण्या ठेवणारी माणसं वाईट कशी असतील?

समोरच्या भाभींना वाटीभर जापचे वर ते गोचुजांग घालून दिलं. त्या अस्सल सुरती. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण आपल्याच स्वयंपाकघरावरून पडली असा त्यांचा समज आहे, आणि त्यांची घारी खाल्ली तर तो खोटाही वाटत नाही. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि विचारलं, "आमां गोळ नाख्यो छे?"

गूळ नव्हता, पण जीभ चुकली नव्हती. गोचुजांग गोडसर असतंच. जव किंवा तांदळाचा गोडवा त्यात उतरतो आणि डबीवालं तर सिरप घालून मोकळं होतं. पन्नास वर्षं आमच्या दारापलीकडे डाळीत गूळ पडतोय आणि अलीकडे लाल मिरचीचा ठेचा. दोन्ही बाजूंनी एकमेकींना नावं ठेवून झाली. त्या दोघींचं जमवून डबीत भरायला कोरियाला जावं लागलं. बरं, मिरची तिकडचीही नाही आणि इकडचीही नाही. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी ती आशियात आणली आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी ती कोरियात पोचली असं मानतात. नंदुरबारला तसं सांगून पाहा मात्र.

आता आईला उत्साह आला. मुलीने तिला काल्गुक्सूचा व्हिडिओ दाखवला. काल म्हणजे सुरी, गुक्सू म्हणजे नूडल्स. कणकेची पोळी लाटायची, घडी घालायची, सुरीने बारीक कापायची आणि रश्शात सोडायची. आई दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "ही तर वरणफळं. चौकोनाऐवजी लांब कापली." तिने उन्हाळ्यात शेवयाचं पितळी मशीन बाजेला आवळून बांधलेलं, एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने खालून पडणारे धागे हातावर झेलून काठीवर टाकायचे, हे सगळं केलेलं. कणीक वाढत जाई तसा दांडा जड होत जायचा, तेव्हा ओव्या म्हणायच्या. तिला कोरियाने नूडल्स शिकवायच्या म्हणजे जरा जास्तच झालं.

तिने वरण केलं, त्यात लांब कापलेल्या पट्ट्या सोडल्या, मुलीच्या डबीतलं चमचाभर गोचुजांग, वर लसणाची फोडणी. ताटात नको, पातेल्याच्या झाकणातच खायचं, असा मुलीचा आग्रह, कारण मालिकांतून तसंच खातात. मी पहिल्यांदा आवाज न करता खायला गेलो आणि हनुवटी भाजली. "भुरका मार ना," आई म्हणाली. लहानपणी याच आवाजासाठी मी तिच्या हातचा मार खाल्ला होता. कोरियन भाषेत त्या आवाजाला हुरुरुक म्हणतात. आम्ही तिघांनी भुरके मारले, नाकं पुसली, पुन्हा मारले.

एक वाटी समोर गेली. सुरतेत वाटी रिकामी परत येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, वर ताटली झाकलेली. आत दाळढोकळी. ढोकळीचे नेहमीचे तुकडे नव्हते. हातभर लांब, जरा वाकड्यातिकड्या पट्ट्या कापल्या होत्या.

"कोरियन छे," भाभी दारातून म्हणाल्या, "गोळ नाख्यो छे."