एंटर दाबण्याआधी

जँगोमध्ये मॉडेलमधल्या एका फील्डचं नाव बदला आणि मेकमायग्रेशन्स चालवा. टर्मिनल विचारतं, ‘फक्त नाव बदललंय का?’ पुढे कंसात लहान वाय आणि मोठा एन. मोठा एन म्हणजे न वाचता एंटर मारलं तर उत्तर ‘नाही’. मग जुना कॉलम पाडून नवा कोरा कॉलम घालणारी फाइल तयार होते. फील्ड रिकामं चालणारं असेल तर पुढे कुणी काही विचारत नाही. मायग्रेट चालवलं, समोर ‘ओके’ आलं, आणि ते फील्ड शाळेच्या ॲपमधलं वडिलांच्या नावाचं असेल तर हजारो मुलांच्या वडिलांची नावं गेली.

मायग्रेशन उलटं फिरवता येतं, असं धीर देणारे भेटतात. कॉलम येतो हो परत. नावं येत नाहीत. ती बॅकअपमध्ये असली तर असली.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचं नाव आणलं : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तमच. त्या निमित्ताने एका शाळेच्या ॲपमध्ये सगळ्याच मुलांसाठी आईच्या नावाचा सक्तीचा कॉलम आला. टर्मिनलने रीतसर विचारलं, ‘जुन्या ओळींत काय भरू? आत्ता एक डिफॉल्ट दे, नाहीतर बाहेर पड.’ कुणीतरी ‘एनए’ टाइप केलं आणि घरी गेलं.

पुढच्या जूनमध्ये त्या शाळेच्या खिडकीशी माझ्यापुढे एक बाई होत्या. हातात मुलीचं बोनाफाईड, आईच्या नावापुढे ‘एनए’. त्या म्हणाल्या, “अहो, मी ही काय उभी आहे!”

नल म्हणजे ‘अजून माहीत नाही’. ‘एनए’ म्हणजे ‘लागू नाही’. आई लागू नाही असं मूल जगात नाही. रिकामी जागा निदान खरं बोलते. डिफॉल्टने भरलेली जागा खोटं बोलते, तेही एका दमात साऱ्या शाळेबद्दल.

नीट करायची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. आधी कॉलम रिकामा चालेल असा घाला. नवा कोड त्यात लिहू लागला की जुन्या ओळी थोड्या थोड्या करून प्रवेशअर्जांवरून भरा. एकही रिकामी उरली नाही की मग सक्ती करा. जुना कॉलम काढायचा तर त्याच्याही पुढच्या खेपेला, कारण नवा कोड चढत असताना जुना अजून चालू असतो. आणि डेटाबेस मायएस्क्यूएल असेल तर दुप्पट सांभाळा : मध्येच मोडलेलं मायग्रेशन पोस्टग्रेस सहसा अख्खं मागे घेतं, मायएस्क्यूएल टेबल अर्धवट बदललेलं ठेवतं.

२०१४ साली १.७ आवृत्तीत जँगोने मायग्रेशन अंगभूत केलं. तेव्हापासून मॉडेलमधला असा प्रत्येक बदल साध्या फाइलीत लिहून समोर येतो. माणसाने वाचावा म्हणून येतो. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या मॅनेजरनेही ती फाइल एकदा उघडावी. बहुतेक वेळा ती एका पानाचीही नसते.

त्या दिवशी क्लार्कबाईंनी कपाटातून जुना प्रवेशअर्ज काढला. आईचं नाव त्यावर होतंच. त्यांनी बोनाफाईडवरचं ‘एनए’ खोडलं, वर पेनाने ते नाव लिहिलं आणि शिक्का मारला. हे काम मायग्रेशन लिहिणाऱ्याचं होतं.