पानाचं घराणं

आमच्या घरात तीन पिढ्या पान पिकलं. विड्याचं नव्हे, तंबाखूचं. तंबाखूला फूल दिसलं की माझे वडील हातातलं काम टाकून रानात जायचे आणि शेंडा खुडायचे. फूल ठेवलं तर झाडाची ताकद बीकडं जाते, पान पातळ पडतं, कडकपणा उतरतो. त्यामुळं आमच्याकडं फूल म्हणजे नुकसान. १९८१ साली याच पानाच्या दरासाठी वडील शेतकरी नेते शरद जोशींच्या आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते. त्या आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला, बाराजण गेले. त्यावर विनोद करायची माझी लायकी नाही. विनोद आहे तो माझ्यावर. शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच वीस गुंठ्यांत मी फूल पिकवायला निघालो. फ्लॉवर.

भाजीपाल्याला हंगामाचं मार्गदर्शन लागतं, आणि आमच्या निपाणीच्या सीमाभागात ते दुप्पट मिळतं. एका अंगाला राहुरीचं विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला धारवाडचं. वर सांगलीची आकाशवाणी, पंचांगातलं नक्षत्राचं वाहन (यंदा मृगाला बेडूक की कोल्हा, यावर आमच्या कट्ट्यावर अबोला होतो) आणि मोबाईल, ज्यावर पानाचा फोटो टाकला की पाचजण मिळून सात औषधं सांगतात. एवढं असून मी विश्वास ठेवला तो एका कन्नड पत्रकावर. का, तर त्यावरचा फ्लॉवरचा गड्डा दुधासारखा पांढरा होता.

माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं. संकेश्वर आणि चिक्कोडी मी अक्षरांवरून नाही, शब्दाच्या लांबीवरून ओळखतो. पण पत्रकात 'तरकारी' हा शब्द लागला, आणि तो दोन्हीकडं एकच म्हटल्यावर बाकीचं काय अवघड, असं वाटलं. पुढं एक शब्द होता, त्याच्या शेवटी 'गारू' असं मला लागलं. मुंगारू म्हणजे पावसाळा, एवढं निपाणीत पोरालाही कळतं. म्हणजे पावसाळ्यात लावायचा वाण. झालं.

"अहो, कुणाकडनं तरी वाचून घ्या," बायको म्हणाली. पस्तीस वर्षं लोकांची पोरं वाचायला शिकवलेल्या माणसाला हे ऐकून घेणं जड जातं.

दुकानदार भला. "गुरुजी, हे बी आत्ता?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी पत्रक त्याच्या तोंडापुढं धरलं. त्याचं कन्नडही माझ्यासारखंच निघालं असावं, कारण तो गप्प बसला.

मे महिन्यात ट्रेमध्ये रोपं धरली आणि मृगाचा पाऊस होताच साठ बाय पंचेचाळीस सेंटीमीटरवर साडेसात हजार रोपं लावली. पुस्तकात सांगितलं ते सगळं केलं. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं अंडी फ्लॉवरवर न घालता मोहरीवर घालावीत म्हणून पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी टाकल्या. बोरॉन दिलं, मॉलिब्डेनम दिलं. तरणा पाऊस झाला, म्हातारा झाला. झाडं गुडघ्याला लागली. एकेक पान सुपाएवढं. रस्त्यानं जाणारी माणसं मोटारसायकल थांबवून बघायची आणि मी बांधावर उगीच खोकायचो.

गड्ड्याला ऊन लागलं की तो पिवळा पडतो, म्हणून पानं वर ओढून बांधतात. साठ दिवस झाल्यावर दोन बायका लावून मी सगळ्या रानाची पानं सुतळीनं बांधून घेतली. आत गड्डा आहे का, हे बघायचं मात्र मला सुचलं नाही. बायका एकमेकींकडं बघून हसत होत्या. कामाचा आनंद असेल, असं मी समजलो.

गणपतीच्या तोंडावर व्यापारी आला. मी ऐटीत पहिली सुतळी सोडली. आत पान. ते बाजूला केलं, त्याच्या आत जरा लहान पान. त्याच्या आत बोटभर पान, आणि अगदी मधोमध एक हिरवी अळी, जिला मोहरीबद्दल कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. दुसरं झाड सोडलं, तिसरं सोडलं. व्यापाऱ्यानं सगळ्या रानावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "मोहरी झक्क फुललीया की गुर्जी."

खरंच फुलली होती. वीस गुंठ्यांत फूल म्हणून काय ते तेवढंच होतं.

संध्याकाळी सहावीतल्या नातीनं पत्रक हातात घेतलं आणि धडाधड वाचलं. "आजोबा, मुंगारू नाही, हिंगारू आहे." हिंगारू म्हणजे आपली रब्बी. मी लावला होता तो स्नोबॉल वर्गातला, थंडीचा वाण. १८२२ साली साहेबानं सहारनपूरच्या बागेत फ्लॉवर आणला, त्यातून पुढं आपल्या हवेला सोसणारे वाण निघाले. पुसा दीपालीसारखा लवकरचा वाण वीस-पंचवीस अंशांतही गड्डा धरतो. स्नोबॉलला मात्र दहा ते सोळा अंश लागतात, त्याचं बीसुद्धा कुलूच्या थंडीत तयार करतात. तेवढी थंडी पडेपर्यंत ते झाड नुसती पानं काढत बसतं. उलट केलं, लवकरचा वाण उशिरा लावला, तर बटणाएवढे गड्डे येतात. म्हणजे चुकायची सोय दोन्हीकडून आहे. दुकानदारानं विचारलं होतं ते हेच.

वडील असते तर म्हणाले असते, पान चांगलं आलंय, वाळवायला घाल. आम्ही ते म्हशीला घातलं. चार दिवसांत दुधाला फ्लॉवरचा वास यायला लागला. पुढं महिनाभर आमच्या घरी आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन कपात बघायचा. बायको एक शब्द बोलली नाही, फक्त रोज चहा करताना माझ्याकडं बघून गाळणी जोरात आपटायची.

विहिरीकडच्या कडेची एकोणीस झाडं कापायची राहून गेली होती. डिसेंबरात थंडी पडली आणि त्या एकोणीसही झाडांना गड्डे धरले. दुधासारखे पांढरे, थेट पत्रकातल्यासारखे. तोवर बाजारात सगळ्यांचाच फ्लॉवर आला होता आणि दर विचारण्यात अर्थ नव्हता. गल्लीत वाटले.

यंदाच्या पुड्या आणल्यात. मागची बाजू नात वाचते. शनिवारी तिची शाळा सकाळची असते. कुणाला काही वाचून घ्यायचं असेल तर दुपारी या, चहा आता बिनवासाचा आहे.