साईटपारखी

शहापूरच्या तहसील कचेरीपासून हाकेच्या अंतरावर किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडच्या आसपास एक गाळा असतोच. बाहेरच्या फलकावर सातबारा, आठ अ, पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, लॅमिनेशन अशी भलीमोठी जंत्री. आत एक काँप्युटर, एक प्रिंटर, अंगठा घेणारं एक मशीन आणि या तिघांवरही खेकसणारे भाऊ. भाऊंचं खरं नाव त्यांच्या आधारकार्डालाच ठाऊक. तालुक्याला ते 'ऑनलाइनवाले भाऊ'.

पोटापाण्यासाठी भाऊ अर्ज भरतात, पण पिंड समीक्षकाचा. कुठलीही साईट उघडली की ते आधी खुर्चीत मागे रेलतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात. "हिला नुसता नट्टापट्टा. मंत्र्यांचे फोटो सरकतायत, अर्जाचं बटण कुठं हाय ते शोधा." दुसरीबद्दल, "ही दिसायला साधी, पण कामाची." तिसरी उघडतच नाही. तिथे गोल चक्री फिरत राहते आणि भाऊ जाहीर करतात, "आज तिचं डोकं ठिकाणावर नाय. उद्या या."

याकोब नील्सन या तज्ज्ञाने १९९४ मध्ये पडद्यावरच्या कामाची सोय तपासण्यासाठी दहा नियम मांडले. त्यातला पहिला असा, की आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला सतत कळलं पाहिजे. भाऊंनी नील्सन वाचलेला नाही. पण 'चक्री फिरतेय म्हंजे काम चालू हाय का मेलंय, ते तरी सांग ना बाई' असं ते पडद्याला रोज विचारतात. चाचणीला पाचच माणसं बसवली तरी बहुतेक दोष उघडे पडतात, असंही नील्सनने पुढे २००० मध्ये लिहिलं. भाऊंच्या बाकड्यावर पाच माणसं सकाळी साडेदहालाच हजर असतात, आणि दोष त्यांच्या तोंडूनच ऐकायला मिळतात.

परवा डोळखांबकडच्या एक आजी सातबाऱ्याला आल्या. भाऊंनी महाभूलेख ही जमिनीच्या उताऱ्यांची साईट उघडून विभागात 'कोकण' निवडलं. आजी सावध झाल्या.

"कोकण कशाला दाबलास रं बाबा? माझी जमीन हितलीच हाय."

"आत्या, सरकारच्या हिशेबी आपण कोकणातच."

"मंग समुंदर कुठं हाय?"

"भातसाचं पाणी हाय ना. तेपण मुंबईला जातं. आता गट नंबर सांगा."

आजींना गट नंबर माहीत नव्हता. त्यांना 'वढ्याकडचं' आणि 'आंब्याखालचं' एवढंच माहीत. साईटवर गट नंबराला खाना आहे, आडनावाला आहे. ओढ्याला नाही, आंब्याला तर नाहीच नाही. नील्सनचा दुसरा नियम म्हणतो की साईटने वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावं. इथे तो नियम भाऊ स्वतःच्या तोंडाने पाळतात. दहा मिनिटं शेजारीपाजारी, दीर-भावजय आणि बांधावरची भांडणं विचारून त्यांनी आंब्याखालून गट नंबर उकरून काढला.

मग आला कॅप्चा. वाकड्यातिकड्या अक्षरांपुढे सगळा गाळा माना तिरप्या करून उभा राहिला. एकाला शून्य दिसलं, दुसऱ्याला ओ. झेरॉक्सला आलेल्या गुरुजींनी चष्मा पुसून 'जी' असा कौल दिला. तो 'नऊ' निघाला.

साईट तपासणारे भाऊ एकटेच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम काढला. सरकारी कार्यालयांच्या वेबसाईट सुधारणं हे त्यातलं एक कलम. तपासणी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे होती. १ मे रोजी निकाल लागला आणि जिल्हा परिषदांत ठाणे पहिली आली. शहापूर-मुरबाड तिच्यातच मोडतात, तेव्हा भाऊंनी बाकड्याला चहा पाजला. पण परीक्षकाला दुसऱ्या परीक्षकाचं कौतुक फार वेळ सोसवत नाही. चहा संपताच त्यांनी विचारलं, "पेपर तपासायला आपल्या बाकड्यावर कोण बसलंवतं?"

भाऊंची गुणपद्धत साधी आहे. माणूस एका खेपेत कागद घेऊन उठला, तर साईट पास. ओटीपीसाठी मुलाला फोन लावावा लागला, तर काठावर पास. मुलगा मुरबाड एमआयडीसीत पाळीवर, मोबाईल बाहेर जमा आणि ओटीपी त्याच मोबाईलवर गेला, तर साईट नापास, मग ती कितीही देखणी असो. भातलावणीने रेषा पुसलेला अंगठा मशीनने तीनदा नाकारला, की भाऊ तो केसांवरून फिरवायला लावतात आणि मशीनचे दोन गुण कापतात.

भाऊंच्या मते सर्वांत उत्तम साईट म्हणजे नाणेघाटातला दगडी रांजण. त्यात पूर्वी घाटाची जकात टाकत, असं म्हणतात. "एकच तोंड. नाणं टाका, पुढं व्हा. ना पासवर्ड, ना फोटो वीस केबीच्या आत." मुरबाडकडचं धसई गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, त्याचाही भाऊंना अभिमान आहे. स्वतःची फी मात्र ते रांजणाच्या पद्धतीने घेतात. रोख.

एवढा कडक परीक्षक, पण खरोखर चांगली साईट दिसली की त्याचा चेहरा पडतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळू लागला, तेव्हा भाऊ हळहळले, "काय झकास केलंय! सत्यानाश." कॉलेजातली पोरं आता आईबापांचे उतारे एसटीत बसल्या बसल्या काढतात आणि गाळ्यात फक्त लॅमिनेशनला येतात. साईट जितकी वाईट, तितकं बाकडं भरलेलं. भाऊंचं अवघं अर्थशास्त्र एवढ्यात आलं. म्हणून ते शिव्या मनापासून देतात, पण तक्रार कधीच नोंदवत नाहीत.

कल्याणला काँप्युटर शिकणाऱ्या भाच्याने एकदा वही काढून विचारलं, "मामा, सांग ना, काय काय सुधारायचं?"

"अक्षरं मोठी कर. मराठी माणसासारखी लिही. चुकलं तर काय चुकलं ते सांग, आणि भरलेला अर्ज पुसू नको."

"आणि कॅप्चा? काढून टाकू?"

भाऊंनी भरलेल्या बाकड्याकडे पाहिलं. "तो राहू दे. त्याच्यामुळं चार माणसं एकत्र येतात."