सीटवरचं प्लास्टिक

नव्या पिकअपच्या सीटवरचं प्लास्टिक काढायचं नसतं. काढलं की रीसेल गेली. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आपल्या रक्तातच असतं. गाडी दारात येते, वहिनी ओवाळतात, चाकाखाली लिंबं फुटतात आणि मालक जो प्लास्टिकवर बसतो तो पाच वर्षं उठत नाही. मे महिन्यात नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेली गाडी बघा. मागे टोमॅटो जाळीच्या क्रेटमध्ये हवा खातायत, पुढे माणूस प्लास्टिकमध्ये शिजतोय.

कुणासाठी? पुढच्या मालकासाठी. तोही प्लास्टिक काढणार नाही, कारण त्यालाही रीसेल आहे. तिसऱ्याच्या ताब्यात येईतो ते पिवळं पडतं, कडेला चिरतं. तो वरून चिकटपट्टी लावतो. शेवटी भंगारवाला ते फाडतो आणि गाडी कापण्याआधी कोऱ्या सीटवर बसून निवांत एक विडी ओढतो. एवढ्या मालकांच्या घामातून जपलेलं सुख ते एवढंच, आणि तेही त्याच्या वाट्याला!

विम्याच्या तक्त्यात मात्र प्लास्टिकचा रकाना नाही. गाडी सहा महिन्यांची होईतो 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, पाचवं वर्ष सरता सरता 50. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत ‘गेल्या वर्षीचं मॉडेल’ होते. 22 सप्टेंबर 2025 ला मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि आदल्या आठवड्यात हार घातलेल्या गाड्या उभ्या उभ्या स्वस्त झाल्या. प्लास्टिकसकट.

एजंट तर सीटकडे बघतही नाही. बॉनेटवर टकटक करतो, टायर बघतो, म्हणतो, “शेठ, गाडी एक नंबर. पण मॉडेल जुनं झालं.”

जुन्या पिकअपलाही खर्च आहेच. आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, मध्येच क्लचप्लेट, कधी पाटा तुटतो. पण तिची किंमत पडायची तेवढी पडून झालेली असते आणि हप्ता नसतो. आवाज ऐकून मिस्त्री दुखणं सांगतो. नवीला चेकलाइट लागली की लॅपटॉपवाल्याची वाट बघत बसा; तोवर माल सडतो, बँकेची तारीख मात्र सडत नाही.

आणि खरा संताप इथेच आहे. गाडीची किंमत कंपनी ठरवणार, व्याज बँक ठरवणार, डिझेल भलताच कुणी ठरवणार. रात्रभर जागून घाट उतरणाऱ्याच्या झोपेला भाव नाही, कंबरेला नाही, परतीच्या रिकाम्या फेरीला नाही. त्यानं भाव टिकवायचा कशाचा, तर सीटच्या रेक्झिनचा! वर भावकी विचारणार, “काय दादा, नवी कधी काढताय?” हप्ता भावकी भरणार आहे का?

नवी काढायचीच असेल तर खुशाल काढा. भाडं ठरवताना व्यापारी मॉडेल विचारत नाही. तो एवढंच विचारतो, “क्रेट किती बसतील?”