परतवाड्यात भेटते का?

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाची तयारी सुरू झाली की पायांपेक्षा डोक्याला आणि डोक्यापेक्षा खिशाला जास्त व्यायाम घडतो. कोणता दिवा, कोणती पॉवर बँक, कोणता जीपीएस, कोणते सुटे भाग, यावर महिनोन्‌महिने खल चालतो आणि शेवटी माणूस सर्वांत महाग वस्तूपाशी येऊन थांबतो, कारण ती कधीच बिघडत नाही असं तिच्या खोक्यावर छापलेलं असतं. माझ्या मते खोक्यावर काय छापलंय ते पाहूच नये. वस्तू विकत घेण्याआधी तिला एकच प्रश्न विचारावा, तोही वऱ्हाडी बोलीत: परतवाड्यात भेटते का? परतवाडाच का, तर सातपुड्याच्या पायथ्याचं हे मेळघाटात शिरण्याआधीचं शेवटचं मोठं मार्केट. लाकडाचे डेपो, बसस्टँड, मोबाइलची दुकानं, पंक्चरवाले, सगळं इथवर. पुढे एक रस्ता चिखलदऱ्याच्या घाटाला लागतो, दुसरा सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जातो, आणि दोन्हींवर जंगल मुबलक, दुकानं मोजकी. इथं जे मिळतं किंवा दुरुस्त होतं ते भरवशाचं. जे होत नाही ते सोबत दोन-दोन घ्यावं, नाहीतर घरीच ठेवावं.

याला पुरावा याच गावाच्या कुशीतला आहे. शेजारच्या अचलपूरहून मूर्तिजापूरमार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला ही अडीच फुटी रुळांवरची गाडी होती. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 साली इथं रुजू झालं आणि 1994च्या एप्रिलात निवृत्त झालं. सत्तर वर्षं! सरकारी नोकरीतही एवढी सेवा होत नाही. हे इंजिन काही न बिघडणारं नव्हतं. वाफेचं इंजिन म्हणजे रोज कुठंतरी गळणारं, घासणारं, कुरकुरणारं प्रकरण. पण त्याचं दुखणं डोळ्यांना दिसायचं, कानांना ऐकू यायचं, आणि हातोडा-पाना जाणणाऱ्या माणसाला समजायचं. त्याला बरं करायला मँचेस्टरहून कुणी यावं लागलं नाही. म्हणून मी म्हणतो की भरवसा एकट्या यंत्रात नसतो. अर्धा यंत्रात असतो, अर्धा त्याच्या आसपासच्या बाजारात.

इथं जुन्या वळणाचे लोक माना डोलावतात. 1923 सालीच मुंबईहून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि 1928 साली सुमारे 71 हजार किलोमीटर तुडवून परत आले. त्यांच्याकडे कुठं होती पॉवर बँक, असा त्यांचा सवाल. नव्हती, हे कबूल. मिळाली असती तर त्यांनी नाकारली असती, हे मात्र मला कबूल नाही. परतवाड्याची परीक्षा जुन्याच्या बाजूनं मुळीच नाही, ती फक्त सर्रास मिळणाऱ्याच्या बाजूनं आहे. मोबाइलचंच बघा. सी टाइप केबल पानठेल्यावरही लटकलेली असते, म्हणजे मोबाइल पहिल्या श्रेणीत पास. उलट, सायकलस्वारांसाठी खास बनवलेल्या ज्या महागड्या दिव्याला त्याच्याच कंपनीची वेगळी पिन लागते, तो नापास. दुकानदार पिन उलटसुलट करून पाहील आणि म्हणेल, ‘‘भाऊ, हे तं इथं नाई भेटत, अमरावतीले पाहा.’’ अमरावतीवाला नागपूर दाखवेल, नागपूरवाला ऑनलाइन मागवायला सांगेल, आणि पार्सल येईतो दिवेलागण होईल. ट्यूबचंही तसंच. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या ट्यूबमध्ये कुठलाही पंक्चरवाला हवा भरतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह पाहिला की त्याला वाटतं, ही हवा भरायची जागा की सलाइन लावायची? सुपारीएवढा पितळी ॲडॉप्टर सोबत ठेवला की हा प्रश्न सुटतो. मागच्या डिरेलरचा हँगर मात्र पक्का नापास. फ्रेम वाचावी म्हणून स्वतः वाकायचं, हाच त्याचा धर्म. आणि प्रत्येक मॉडेलचा आकार असा वेगळा की दुसऱ्याचा उसना घेऊन भागत नाही. तो आणि आपल्या चाकाच्या मापाचे तीन-चार स्पोक घरूनच आणावेत.

विजेच्या बाबतीत आकडे फार निष्ठुर असतात. चाकाच्या आसातला डायनामो म्हणजे फुकटची अखंड वीज, असं ऐकायला गोड वाटतं. पण तो 6 व्होल्ट, 3 वॅट देतो ते ताशी 15 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला. मोबाइलच्या 5,000 एमएएच बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात. म्हणजे सपाटीवरही ती भरायला सात-आठ तास पेडल मारा. घाटात ताशी सहाच्या गतीनं सरपटताना तो चार्जर झोपलेलाच असतो, आणि उतारावर जागा होईतो घाट संपतो. त्यापेक्षा 10,000 एमएएचची साधी पॉवर बँक बरी; तिच्यात 37 वॅट-तास असतात, गळती वजा जाता मोबाइल दीडेक वेळा भरतो. फक्त मे महिन्यात ती काळ्या पिशवीत घालून हँडलला टांगू नये. लिथियम सेल चार्ज करताना तापमान साधारण 45 अंशांच्या वर नसावं म्हणतात, आणि अकोल्यात तेवढं तर सावलीत असतं. शिवाय एकट्या मोबाइलवर सगळा भार टाकू नये, कारण तो बंद पडला की नकाशा, टॉर्च, कॅमेरा आणि चहाचे पैसे एकदमच जातात. नकाशे आधीच उतरवून ठेवले तर जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही; मेळघाटात ते शोधायला झाडावर चढणं वाचतं. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतली जुनी यंत्रं दोन पेन्सिल सेलवर 25 तास चालतात आणि पेन्सिल सेल किराणा दुकानातही मिळतात, म्हणून तीही पास. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र तर परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगताच येत नाही. तिथं वाघापेक्षा पोलिसांची भेट आधी होईल.

आता वजनाचा आक्षेप. ग्रॅम-ग्रॅम मोजणारे लोक टूथब्रशची दांडी कापतात, त्यांना माझी जोडीची केबल, हँगर आणि स्पोक पाहून घाम फुटेल. तर हिशेबच करू. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे 700 मीटर उंच. एक किलो वजन तेवढं वर न्यायला 7 किलोज्यूल लागतात. शरीर खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तरी मामला आठेक किलोकॅलरींचा, म्हणजे भाजलेल्या दोन-तीन शेंगदाण्यांचा. सायकल, सामान आणि स्वार मिळून शंभर किलो असतील तर चार तासांच्या चढात एका किलोनं दोन-अडीच मिनिटं जास्त जातात. बहिरमच्या यात्रेत रोडगे आणि हंडीतलं मटण यथेच्छ चापून आलेल्या माणसानं हँगरच्या तीस ग्रॅमांवर वाद घालावा, हे मला तरी पटत नाही.

महाग वस्तू क्वचित बिघडतात, हा शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे. 2009 साली शिमानोनं बाजारात आणलेले विजेवर बदलणारे गिअर एका चार्जमध्ये हजारेक किलोमीटर बिनतक्रार जातात. पण क्वचित म्हणजे कधी, हे वस्तू सांगत नाही. आणि सेमाडोहच्या अलीकडे ते ‘क्वचित’ गाठलं, तर मोठ्या चाकावर अडकलेली चेन आणि समोरचा चढ, दोघांशी एकट्यानंच बोलावं लागतं. साध्या गिअरची वायर तुटली तर परतवाड्यातला मेकॅनिक बोलता बोलता दुसरी ओवून देतो. मग कुणी म्हणेल, इतकं वाहून नेलेलं बहुतेक सामान न वापरता घरी परत येतं, त्याचं काय? येऊ द्यावं. हँगर परत येतो, स्पोक परत येतात, ॲडॉप्टर तर पिशवीच्या तळाशी इतका दडतो की पुढच्या सहलीआधी नवाच घेतला जातो. जास्तीची सी टाइप केबल तेवढी परत येत नाही. हॉटेलात चहा येईपर्यंत कुणीतरी ‘‘भाऊ, पाच मिनिटं लावू द्या ना’’ म्हणतंच.