आरोपी खेकडे

दहिसरच्या बाजारात कोळणी खेकड्यांच्या नांग्या बांधून ठेवतात. उगाच नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, घरंच्या घरं वाहून गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी गुन्हेगार शोधून काढला: खेकडे! गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकड्यांनी म्हणे त्या वाचल्याच नाहीत.

ते तरी सरकारी धरण. तुमच्या फार्महाऊसमागे खासगी मातीचा बांध असेल, तर निर्धास्त झोपा. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणं बघतो. 10 ते 15 मधली काही, तीही अटी लावून. आठ मीटरच्या बांधाखाली अख्खा पाडा नांदत असला, तरी कायदा खाली वाकत नाही.

मालकाने बघायचं इतकंच: पायथ्याशी झिरपणारं पाणी नितळ आहे की गढूळ? गढूळ असेल तर पोटातली माती निघाली. बांधावर झाडं नकोत, सांडवा मोकळा हवा. पण बांधावर हापूस डवरलाय, आणि सांडवा बुजवून बांधलेला गझिबो पावसाळाभर बुक आहे.